खालचाच डबा

१

मंगलताईंचा गाडा निशाणाखालून गेला आणि नेमका त्याच क्षणी बोर्ड काळा पडला.

सुदर्शनच्या तोंडातून "अकरा पॉइंट" एवढंच बाहेर पडलं. पुढचं वाचायला आकडाच नव्हता. आळ्याच्या शिवारातला घाट, चैत्राचं ऊन, दोन्ही अंगांना आठ-दहा हजार माणूस, आणि बावीस वर्षं माइकवर घसा फोडणारा सुदर्शन आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. बोर्डाच्या लोखंडी स्टँडमधून धुराची बारीक रेघ वर निघाली होती.

बैलगाड्याचा सगळा खेळ सेकंदाचा. एकेक गाडा एकटाच घाट, म्हणजे शर्यतीचा चढता पट्टा, चढतो, त्या धावेला बारी म्हणतात, आणि ज्याच्या बारीला वेळ सर्वांत कमी तो पहिला. पूर्वी हातातल्या घड्याळावर वेळ घेत. त्यावरून इतकी डोकी फुटली, की यंदा कमिटीनं मोहितकडून बोर्ड बसवून घेतला. मोहित शिनोलीच्या वरच्या डोंगरातला, अठ्ठावीस वर्षांचा, आळेफाट्यावर त्याचं छोटं वर्कशॉप. बोर्डानं सकाळपासून चौदा बाऱ्या बिनबोभाट मोजल्या. मग जेवणाची सुट्टी झाली, जनरेटर बंद करून डिझेल भरलं, आणि सुट्टीनंतरची पहिलीच बारी निमगाव सावाच्या मंगलताईंची.

"माझ्या बैलांनी जीव काढला, आन् टाइम कुठंय?" मंगलताई घाटातून तरातरा चालत आल्या. "बैल काय यंत्र हायेत का, पुन्हा लगीच पळवाया?"

मोहितनं स्टँडखालचं कपाट उघडलं. आत पॉवर सप्लायचे दोन डबे, एक वर, एक खाली. खालचा जळला होता. त्यानं जवळचा दुसरा डबा तिथं बसवला आणि बोर्ड पुन्हा झळाळला. पुढचा पाऊण तास पाणी मारून घाट सारखा केला, तेवढा वेळ आकडे ठणठणीत होते.

मग गाडामालक धर्माजींचा दुसरा गाडा सुटला. धुरळा उडाला, बैल निशाणाला आले, बोर्ड गेला. पुन्हा धूर. पुन्हा खालचाच डबा.

आता सुदर्शनचं कसं असतं, की माणूस मनाचा वाईट नाही, पण माइक हातात असला की जिभेला लगाम राहत नाही. "मंडळी, येकदा झाला तर बिघाड, दोनदा झाला तर डाव," तो गरजला. "ह्यो घड्याळवाला कुणीतरी विकत घेतलाय. मोहित विकला गेलाय, मंडळी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण दहा हजार कानांना तेवढंच हवं होतं. गर्दीतून एक चप्पल आली, मग एक दगड. हवालदारानं मोहितला ओढून मांडवात नेलं आणि कमिटीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की चार वाजेपर्यंत कबूल केलं नाही तर थेट ठाण्यात, आणि दोन तालुक्यांतल्या एकाही घाटावर हा माणूस परत दिसणार नाही.

घड्याळात दोन वाजले होते.

२

मोहितनं फोन केला तो एकाच माणसाला. रत्ना मॅडमना.

घोडेगावला पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. मोहित त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्या रिटायर होऊन शिनोलीत राहतात. त्या स्कूटी दामटत तासाभरात येऊन थडकल्या, तेव्हा सुदर्शनला वाटलं, ही ठेंगणी, पदर खोचलेली बाई इथं काय दिवे लावणार? मॅडमनी मांडवात शिरताच मोहितकडे न बघता आधी विचारलं, "मघाशी माइकवर बोलत व्हते ते कोण?"

"मी," सुदर्शन म्हणाला.

"मग तुमी माझ्यासंगं चला. ज्यानं पोराला चोर ठरवलं त्यानं डोळ्यानं बघितलेलं बरं."

अध्यक्ष मध्ये पडले. "मॅडम, सरळ हाय. पोरानं हलकं सामान लावलं. बोर्डाचा भार झेपला न्हाई."

कपाटाला कुणीही हात लावायचा नाही, एवढं बजावून मॅडम तिथं गुडघ्यावर बसल्या. जनरेटर बंदच होता. त्यांनी वरच्या डब्याच्या पाठीवर तळवा ठेवला, मग सुदर्शनचा हात धरून तिथंच टेकवला. वरचा डबा गार होता. खालच्याला बोट लावताच सुदर्शननं हात झटकला. तास होऊन गेला होता तरी तो अजून तापलेला.

"बोर्डाला चोवीस व्होल्ट लागतात," मॅडम म्हणाल्या. "ह्यो येकेक डबा बाराचा. म्हणून खालच्याचा प्लस वरच्याच्या मायनसला जोडलाय. एका शिडीच्या टोकावर दुसरी शिडी बांधली, असं समजा. अशा जोडणीत दोघांतून करंट सारखाच जातो. मग भार जास्त झाला असता तर दोघंबी तापले असते. वरचा गार कसा राहिला?"

बाजूला उभे असलेले धर्माजी हुशारी दाखवायला पुढे सरकले. "शेजारी-शेजारी जोडायचे मग. ताकद दुप्पट व्हईल."

"त्यात करंट वाढतो, धर्माजी, व्होल्ट वाढत न्हाईत. आन् तेही दोन्ही डबे अगदी समान असले तरच. थोडं उणं-अधिक असलं की येक ओढतो आन् दुसरा नुसता जूबरोबर चालतो. तुमी गाडामालक, तुमाला जोडीचं काय सांगायचं?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या जळलेला डबा बाहेर काढून त्याच्याकडे एकटक बघत होत्या.

"बटण दाबून कुणी लाईट घालवली असती तर बोर्ड नुसता विझला असता. डबा जळला नसता," त्या हळू आवाजात सुदर्शनला म्हणाल्या. "बिघाड नशिबानं झाला असता तर येकदा वरचा गेला असता, येकदा खालचा. दोनदा खालचाच गेला, भाऊ. आन् दोन्ही खेपंला बैल निशाणाला आल्यावरच. इथं कुणाचातरी हात लागलाय."



३

सुट्टीत स्टँडपाशी कोण कोण होतं? मोहित जेवायला म्हणून गेला होता. कपाटाला कुलूप नव्हतं, नुसती कडी. हवालदारानं तीन नावं सांगितली आणि मॅडमनी तिघांना बोर्डाच्या सावलीत बोलावलं.

पहिले धर्माजी. अकरा सत्त्याऐंशी ही सकाळची सर्वांत कमी वेळ त्यांच्या पहिल्या गाड्याची. मंगलताईंचा आकडा हरवला, यात फायदा झाला असेल तर यांचाच. माणूस सोन्याच्या साखळीत आणि पांढऱ्या बुटांत, घामानं थबथबलेला.

"व्हतो मी हितं," ते म्हणाले. "सावलीला बसलो व्हतो. कपाटाला हात न्हाई लावला. आन् माजं ऐका, दुसऱ्या खेपंला बोर्ड गेला तवा गाडा कुणाचा व्हता? माजाच. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मी येडा हाय का?"

सुदर्शनला हे पटलं. धर्माजी हावरट असतील, पण हिशोबाला पक्के होते.

दुसरे ज्ञानेश्वर. चाळीस वर्षं घाटावर घड्याळ धरणारे, सडपातळ, टोपी कपाळावर. बोर्ड आला आणि कमिटीनं त्यांना बजावलं, आता घड्याळ घेऊन घाटावर यायचं नाही, दोन वेळा निघाल्या की भांडणं लागतात. राग असायला जागा होती. आणि सुदर्शननं पाहिलं, की म्हाताऱ्याचा उजवा हात मघापासून खिशातून बाहेर येतच नाही.

"रिमोट," सुदर्शन मॅडमच्या कानाशी लागला. "मॅडम, खिशात रिमोट हाय. दोन्ही बाऱ्यांना हात खिशातच व्हता ह्यांचा, मी मचाणावरून बघितलंय."

"ज्ञानेश्वरकाका," मॅडम म्हणाल्या, "खिशात काय हाय ते दाखवा."

म्हातारा ओशाळला. त्यानं हळूच मूठ बाहेर काढून उघडली. जुनं, कडा झिजलेलं स्टॉपवॉच होतं.

"सवय हो," तो म्हणाला. "निशाण पडलं की अंगठा आपसूक दाबला जातो. कुणाला दाखवणार नव्हतो. मंगलच्या बारीला अकरा बावन्न आलं, पन मी बोललो असतो तर म्हणले असते, म्हातारा जळतोय मशीनवर."

मंगलताई मागंच उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. वेळ अधिकृत नव्हती, पण कुणीतरी मोजली होती.

तिसरे गेणभाऊ. ते घाटाची निगा राखणारे, सत्तरीचे. दगड वेचायचे, पाणी मारायचे, बैलांना हौदावर न्यायचे. कुणाशी वैर नाही, कुठल्या गाड्यात हिस्सा नाही. मॅडमनी त्यांना दोन मिनिटांत सोडलं. ते पुन्हा पाण्याच्या पाइपाकडे गेले आणि सुदर्शननं तिकडे पाहिलंही नाही. सकाळी तो त्याच पाइपाला अडखळून पडता पडता वाचला होता, एवढाच काय तो संबंध.

साडेतीन झाले. तिघंही सुटले, आणि मांडवातून मोहित कोरड्या डोळ्यांनी इकडे बघत होता. मॅडम एकदम उठल्या.

"मी चुकीचं विचारत बसले," त्या म्हणाल्या. "कोण, हे मागनं. आधी कुठं, ते बघू. सुदर्शनभाऊ, लाथ मारता येते का?"

४

त्यांनी पर्समधून मीटर काढला. त्याच्या दोन सुया एकमेकींना टेकवल्या की तो पीप वाजे. वीज बंद, खालचा डबा बाहेर काढलेला, दोन्ही डब्यांमधल्या जोडाचं टोक मोकळं लोंबतंय. मॅडमनी एक सुई त्या टोकाला धरली, दुसरी स्टँडच्या उघड्या लोखंडाला. मीटर गप्प.

"गप्पच ऱ्हायला पायजे," त्या म्हणाल्या. "मोहितनं खालच्या डब्याचा मायनस स्टँडला जोडलाय, आन् स्टँड अर्थिंगला. ते बरोबर केलंय. खालच्या शिडीचा पाय जमिनीवर. पन वरच्या शिडीचा पाय खालचीच्या डोक्यावरच हवा. मधल्या जोडाचा लोखंडाशी संबंध येता कामा नये. हाणा आता लाथ."

सुदर्शननं स्टँडच्या पायावर लाथ घातली.

पीप.

एवढासाच आवाज. त्यानं पुन्हा लाथ मारली. पीप, आणि लगेच गप्प. तिसऱ्यांदा मारली तेव्हा मांडवातले लोक धावत आले.

"बैल निशाणाला आले की जमीन हादरते, स्टँड थरारतो," मॅडमचा आवाजही आता चढला होता. "थरारला की मधला जोड लोखंडाला चिकटतो. म्हंजे खालच्या डब्याचा मायनस लोखंडाला, प्लसबी लोखंडाला. दोन्ही टोकं येक झाली, भाऊ. वरच्या शिडीचा पाय जमिनीवर आणला की खालची शिडी चेपणार. म्हणून खालचाच जळतो. वरच्याला धक्का न्हाई, पन येकट्याच्या बारा व्होल्टवर बोर्ड पेटत न्हाई."

त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून वरच्या डब्यामागं हात घातला. वरच्या डब्याला मायनसचे दोन स्क्रू होते. एकावर मोहितची वायर. दुसऱ्यावर, मागच्या अंधारात, कुणीतरी आणखी एक काळी वायर नीट कसून लावली होती आणि तिचं दुसरं टोक स्टँडच्या भोकात नटबोल्टनं आवळलं होतं. स्टँडला ताजा जाड ऑइलपेंट. बोल्ट रंगावर बसला होता म्हणून सुट्टीनंतर लगेच काही झालं नाही. थरथरीनं एका बाजूला रंग खरवडला गेला होता आणि तिथं लोखंड काळं पडलं होतं.

मोहित हवालदाराचा हात सोडवून पुढं आला. "ही माझी वायर न्हाई, मॅडम. मी खालचाच डबा बदलला, वरच्याकडं बघितलंच न्हाई."

"बघायला पायजे व्हतं. आन् मधल्या जोडावर फ्यूज कुठंय? डब्यांत उलटा करंट शिरू नये म्हणून दोन्हींवर उलटा डायोड टाकायचा, कितींदा शिकवलं?" मॅडमनी त्याला तिथंच झापलं आणि मोहितनं सवयीनं मान खाली घातली. "आता सांगा, ही वायर कुणाची?"

सुदर्शन वायरीकडे बघत होता. जोड उघडा राहू नये म्हणून लावणाऱ्यानं त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, घट्ट, आडवी-तिरपी, शेवट आत खोचून. अशी पट्टी त्यानं सकाळीच पाहिली होती. ज्या पाइपाला तो अडखळला, त्याच्या फाटक्या जागेवर अगदी अशीच बांधलेली.

त्याला वाटलं, आपण सकाळी खाली बघितलंच नसतं तर बरं झालं असतं.

५

गेणभाऊ हौदापाशी एका बैलाच्या पाठीवर पाणी टाकत होते. सुदर्शन आणि मॅडम दोघंच तिकडे गेले. पावणेचार झाले होते.

"गेणभाऊ," सुदर्शन म्हणाला, "कपाटात वायर तुमी लावली का?"

"व्हय की," म्हातारा सरळ म्हणाला. "त्या पोरानं येका डब्याची काळी वायर बॉडीला दिली व्हती, दुसऱ्याची द्यायची राह्यली व्हती. तीस वर्सं ट्रॅक्टर चालवला मी. काळी वायर बॉडीला, ह्ये लहान पोराला बी ठावं. पोर दमलं असंल, राह्यलं असंल, म्हणून मी उरकून टाकलं."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थोडं कौतुकाचं हसू होतं.

"निशाणाच्या बाजूला बैल घासून जात्यात," ते पुढं म्हणाले. "माजा सर्जा बैल पावसात लाइटीच्या खांबाच्या ताणाच्या तारंला चिकटून मेला, आठ वर्सं झाली. मी पाच हातांवर हुभा व्हतो. तवापास्नं लोखंड दिसलं की मला आधी अर्थिंग बघावं लागतंय. का? काय झालं?"

मॅडमनीच सांगितलं, हळूहळू, शिड्यांचा दाखला देऊन. ट्रॅक्टरला बॅटरी एकच असते, तिथं काळी बॉडीला देणं बरोबर. इथं दोन डबे एकमेकांच्या डोक्यावर उभे होते. लोखंड आधीच जमिनीला जोडलेलं होतं, बैलांना भीती नव्हती. त्यांच्या एका वायरीनं दोन डबे जळाले.

गेणभाऊंच्या हातातली बादली खाली टेकली. "आन् त्या पोराला दगड मारले," ते म्हणाले. "मी हितंच व्हतो. मला वाटलं, खरंच विकला गेला असंल."

"मी सांगतो कायतरी बिघाड व्हता म्हणून," सुदर्शन घाईनं म्हणाला. "तुमचं नाव कशाला?"

"न्हाई," म्हातारा म्हणाला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसत मांडवाकडे चालू लागला.

माइकवर ते चार वाक्यं बोलले. वायर माझ्या हातची. बैलांच्या काळजीनं लावली. पोराची काही चूक न्हाई. दंड असंल तो मला करा. अध्यक्षांनी मंगलताईंच्या आणि धर्माजींच्या गाड्यांना उद्या पुन्हा बारी दिली आणि धर्माजींनी सर्वांच्या आधी मान डोलावली.

मोहित तोवर कपाटापाशी बसून शेवटचा उरलेला डबा लावत होता. जादा वायर काढली, मधल्या जोडावर फ्यूज टाकला, दोन्ही डब्यांवर उलटे डायोड लावले. मॅडम शेजारी उभ्या राहून प्रत्येक स्क्रू तपासत होत्या. बोर्ड पेटला. मॅडमनी स्वतः स्टँडला लाथ घातली. आकडे हलले नाहीत आणि गर्दीतून शिट्ट्यांचा पाऊस पडला.

सुदर्शन माइक घेऊन मोहितजवळ गेला. दहा हजारांसमोर बोलताना न अडखळणारा माणूस एकासमोर अडखळत होता.

"मोहित, मी मघाशी बोललो ते चुकलं," तो म्हणाला. माइक चालूच होता, त्यानं बंद केला नाही. "बघितलं न्हाई, विचारलं न्हाई, बोलून बसलो. सगळ्यांम्होरं बोललो, म्हणून सगळ्यांम्होरं माफी मागतो."

मोहितनं स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. "माझं जाऊ द्या, भाऊ. शर्यत मोबाइलवर लाइव्ह चाललीय ना? माझी आई घरी बघतीय. तिला सकाळीच सांगितलं व्हतं, बोर्डावर माझं नाव हाय, बघ म्हणून."

सुदर्शनला एकदम कळलं, की आपण 'विकला गेलाय' हे वाक्य कुठवर पोचवलं होतं. "आईचं नाव काय?"

"इंद्रायणी."

कॅमेरा मचाणावर होता. सुदर्शन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि टोपी काढली.

"इंद्रायणीबाई, मी सुदर्शन. मघाशी तुमच्या पोराला मी विकला गेला म्हणलो. ते खोटं व्हतं. त्यानं कुणाकडनं कायबी घेतलं न्हाई. त्याचं काम चोख हाय. माझी जीभ घसरली, आई. मला माफ करा."

घाट ऐकत होता. मोहितच्या खिशातला फोन वाजला. त्यानं कानाला लावला, काही क्षण ऐकलं, मग तो सुदर्शनच्या हातात दिला. पलीकडची बाई रडून थकल्यासारखी वाटत होती, पण आवाज स्थिर होता.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "पोरगं जेवलंय का? सुट्टीत जेवाया चाललोय म्हणला व्हता, पन कामात असलं की खात न्हाई त्यो. त्याला आधी जेवाया घाला, मग काय ती शर्यत करा."

सुदर्शननं माइक अध्यक्षांच्या हातात दिला आणि पुढची बारी दहा मिनिटं उशिरा सुटेल असं त्यांना सांगायला लावलं. मग तो मोहितला घेऊन मांडवामागच्या पंगतीत गेला आणि पान मांडून स्वतः वाढायला लागला.